दादासाहेबांचं कुलूप

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. बाहेर उणे एकतीस. पहाटेपासून घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा पंखा फिरत नाही. दुरुस्ती कंपनीचा माणूस गुरुवारशिवाय येणार नाही. साडेअकराला दादासाहेब गजभिये आले.

दादासाहेब मूळचे नागपूरचे. इथे कॅनडात, सस्काटूनजवळच्या पोटॅशच्या खाणीत सव्वीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. आमच्या आंबेडकर असोसिएशनमधल्या निम्म्या घरांचे फर्नेस त्यांनीच कधी ना कधी उघडले असतील. पत्नी प्रमिला गेल्यापासून ते एकटे राहतात. मुलगी कल्याणी हॅमिल्टनला नर्स आहे. बाबा आता विसरतात, त्यांना आपल्याकडे न्यावं, असं तिला वाटतं. त्यांना जायचं नाही. रविवारी तिने मला फोन केला. "काकू, तुम्ही त्यांना जवळून बघता. खरं काय ते सांगा, मग मी डिसाइड करते." फर्नेस खरोखरच बंद पडला होता, पण दादासाहेबांना बोलावताना तो फोनही माझ्या मनात होता.

"जय भीम, वहिनी. घर आहे की कोल्ड स्टोरेज?" म्हणत ते बेसमेंटमध्ये उतरले. मी टॉर्च धरला. जाळ पेटत होता, मोटर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. त्यांनी कान लावला आणि म्हणाले, मोटरला पहिला झटका देणारा कपॅसिटर गेला.

यंत्राला हात लावण्याआधी ते खांबावरचा स्विच बंद करून त्यावर स्वतःचं लाल कुलूप घालतात. ही खाणीतली शिस्त. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, म्हणजे आत हात असताना दुसरं कोणी वीज सुरू करत नाही. कुलपावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आहे. जुना कपॅसिटर वरून फुगला होता. त्यांनी डब्यातला नवा बसवला. एकही तार चुकली नाही. कल्याणीला काय सांगायचं ते माझं तेव्हाच ठरलं होतं.

झाकण लावलं. मोटर चालेना. आता तर गुणगुणतही नव्हती. त्यांनी थर्मोस्टॅटचे सेल बदलले, झाकणामागचं बटण दाबून पाहिलं, ब्रेकर पाहिला, बोर्डावरचा फ्यूज पाहिला, तारा पुन्हा सोडून जोडल्या. तास गेला. शेवटी ते स्टुलावर बसले. बोर्ड जळला असणार, म्हणाले, माझ्याच हातून बिघडलं.

त्यांच्या पाठीमागे खांबावर स्विच बंद होता आणि कुलूप तसंच लटकत होतं. मला ते बऱ्याच वेळापूर्वी दिसलं होतं. त्यांना आठवेल म्हणून मी थांबले होते.

"दादासाहेब, ते कुलूप तुमचंच ना?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. मग सगळे खिसे चाचपले. किल्ली गळ्यातल्या दोरीला होती. कुलूप काढून स्विच वर केला, थोड्या वेळाने जाळ पेटला आणि पंखा फिरू लागला.

वर येऊन त्यांनी चहा घेतला. खाणीत असं झालं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं, म्हणाले. निघताना बूट चढवता चढवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कल्याणीने तुम्हाला विचारलंय, ठाऊक आहे मला. सांगून टाका, वहिनी. मला विचारलं तर मी खोटं बोलेन."

सहाला मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. मार्चमध्ये त्यांना न्यायला येते म्हणाली.

नंतर घरातल्या दुरुस्त्यांच्या वहीत लिहिलं : फर्नेस दुपारी पावणेदोनला सुरू. कपॅसिटर दादासाहेबांनी बदलला.