मोठ्या चौकटीतले काका

स्वतःच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ प्रेम करणारा माणूस अख्ख्या बालीगंजमध्ये दुसरा सापडायचा नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे हे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. गार्डन रीचच्या मुख्यालयात साहेबांच्या व्हिडिओ बैठकांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. म्हणजे नोकरीची कित्येक वर्षं त्यांनी दुसऱ्यांची तोंडं पडद्यावर नीट बसवली आणि स्वतः मात्र कॅमेऱ्यामागे उभे राहिले. त्याची भरपाई त्यांनी निवृत्तीनंतर सव्याज केली. न्यू टाउनच्या आमच्या ऑफिसने बैठकीच्या खोलीतला व्हिडिओ कॉलचा जुना संच काढून टाकला, तो मी त्यांना आणून दिला. तेव्हापासून त्यांच्या दिवाणखान्यात मान वळवणारा कॅमेरा आहे आणि त्याचा रिमोट काकांच्या खिशात आहे.

दर रविवारी अकराला कोल्हापूरहून लेकीचा व्हिडिओ कॉल असायचा. काका दहापासूनच दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. खाली घरातला लेंगाच, कारण "कॅमेरा तिथवर जात नाही." लेक कोपऱ्यातल्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत आणि उरलेला सगळा पडदा काकांचा. ती बोलत असताना हे स्वतःकडे बघून मान डोलवायचे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "अगं, माझा चेहरा नीट ऐकतोय की नाही, ते बघायला नको?" एकदा नातवाने कविता म्हटली. काकांनी टाळ्या वाजवल्या, मग कॅमेरा जरा खाली आणून पुन्हा वाजवल्या, कारण पहिल्या टाळ्या चौकटीबाहेर गेल्या होत्या. काकूंनी कुठे उभं राहायचं, त्याची फरशीवर खडूने फुली. त्या जरा सरकल्या की लगेच, "डावीकडे ये, डावीकडे! अर्धी कापली गेलीस!" काकू शांतपणे म्हणायच्या, "अहो, अर्धी असले तरी ओळखेल ती मला."

गेल्या थंडीत काकूंचा चेहरा एका बाजूने वाकडा झाला. सकाळी चूळ भरायला गेल्या आणि पाणी ओठाच्या कडेने ओघळलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, व्यायाम केला की हळूहळू सुधारेल. त्या रविवारी काकू फुलीवर जाऊन उभ्या राहिल्या. समोर पडदाभर आपलंच ओढलेलं तोंड दिसलं आणि त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्यानंतर चार रविवार त्या स्वयंपाकघरातूनच बोलल्या. लेकीला वाटायला लागलं, आईला काहीतरी मोठं झालंय आणि बाबा लपवताहेत. पाचव्या रविवारी ती रडायलाच लागली. मी तेव्हा तिथेच होते. काका आत जाऊन काकूंना समजावून आले आणि हताश होऊन मला म्हणाले, "ती म्हणते, लेकीने मला बघायला माझी हरकत नाही. मलाच मला बघायचं नाही."

मग त्यांनी खिशातून रिमोट काढला. कोणतं बटण, हे शोधावं लागलं नाही. त्यांच्या एका साहेबांना स्वतःचं तोंड बघवत नसे, त्यांच्यासाठी ते नेहमी हेच करायचे. एक क्षण काकांनी पडद्यावरच्या स्वतःकडे पाहिलं, भांग सारखा केला आणि बटण दाबलं. पडद्यावरून काका गेले. पडदाभर लेक आणि नातू.

"केवढा उंच झालाय हा!" काका पुटपुटले.

ते ऐकून काकू दारातून डोकावल्या. पडद्यावर आपण नाही याची खात्री करून फुलीवर आल्या. लेकीने डोळे पुसले. नातू मात्र म्हणाला, "आजी, तू एकाच बाजूने हसतेस!"

"हो रे," काकू म्हणाल्या, "दुसरी बाजू तुझ्यासाठी राखून ठेवलीय. सुट्टीत ये, मग दाखवते."

आता काकूंचा चेहरा जवळजवळ पहिल्यासारखा झालाय आणि लेक आणि नातू मे महिन्यात यायचे आहेत. काकांचा मात्र अवतार झालाय. परवा कॉलला बसले तर माकडटोपी तिरकी आणि कानाखाली दाढीचा साबण. काकूंनी तो पदराने पुसला. मला तो पडदाभर मिरवणारा माणूस आठवला आणि वाईट वाटलं. म्हटलं, "काका, आता लावा की स्वतःला परत."

"कसा लावू? रिमोटचे सेल संपलेत," काका म्हणाले आणि त्याच रिमोटने त्यांनी कॅमेरा हळूच काकूंकडे वळवला.