संपूर्ण विश्रांतीचे तीन दिवस

मला आलेला ताप शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझा स्वतःचा होता. त्यानंतर तो भाऊबंदकीचा झाला.

यात माझी काही चूक नाही, असं मी गेले दोन महिने घरात सांगतो आहे. ज्योत्स्ना, म्हणजे माझी बायको, त्यावर नुसती भाजी चिरत राहते. (तिची ती सुरीसुद्धा माझ्या विरुद्ध वाजते!)

झालं असं. शुक्रवारी दुपारी कारखान्यात पाईपची मापं घेताना मला अचानक थंडी वाजायला लागली. बाहेर जळगावचं ऊन, आत मशीनची धग, आणि मी कुणाचा स्वेटर मिळतो का ते बघतोय! डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "व्हायरल आहे. घाबरायचं कारण नाही. तीन दिवस संपूर्ण विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या, हलकं खा. फार चढला तर ही गोळी. तीन दिवसांत उतरला नाही, तर रक्त तपासू."

मला हायसं वाटलं. कारण मला सोमवारी बरं असणं भागच होतं. सोमवारी अकरा वाजता माझी मुलाखत होती. चार वर्षं कंत्राटावर काढल्यानंतर कायम करण्याची मुलाखत! शुक्रवार, शनिवार, रविवार झोपायचं आणि सोमवारी टुणटुणीत होऊन साहेबांसमोर बसायचं, असा माझा साधा बेत होता.

आता माझा एक स्वभाव सांगतो. धुळे जिल्ह्यात नरडाण्याजवळ आमचं खेडं. आमच्या भाऊबंदकीत मी पहिला पदवीधर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः चौथीत शाळा सोडली, पण मी बी.एस्सी. होईपर्यंत मला शेतातल्या वखराला हात लावू दिला नाही. हे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून भाऊबंदकीतलं लिहिण्याचं जे काही काम असेल ते मी आनंदाने करतो. लग्नाच्या पत्रिका मी लिहितो, सत्यनारायणाची निमंत्रणं मी लिहितो आणि दशक्रियेचा मजकूरही मीच लिहितो. त्यामुळे शनिवार-रविवार कुणी भेटायला येऊ नये, हे भाऊबंदकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायचं, तर ते व्यवस्थित मराठीतच कळवायला हवं होतं.

"अहो, 'ताप आहे, काळजी नको' एवढंच टाका ना," ज्योत्स्ना म्हणाली.

"हे काय वाक्य झालं? क्रियापद तरी धड आहे का त्यात?"

अंगात एकशे एक ताप असताना मी लिहिलं: 'सर्व आप्तेष्ट व हितचिंतकांस कळविण्यात येते की, आमची प्रकृती अकस्मात बिघडली असून वैद्यकीय सल्ल्यानुसार संपूर्ण विश्रांती घेत आहोत. तरी कृपया कोणीही प्रत्यक्ष भेटीस येऊ नये. आपल्या सदिच्छा हेच आता आमचे बळ.'

पाठवलं आणि समाधानाने डोळे मिटले. पाच मिनिटांत नानांचा फोन. नाना म्हणजे आबांचे थोरले चुलतभाऊ, आमच्या भाऊबंदकीतला शेवटचा शब्द.

"दिगू, खरं सांग. डॉक्टर काय म्हने?"

"काही नाही नाना. आराम करायला सांगितलंय."

"निस्ता आराम?"

"हो, निस्ता आराम."

नाना फोनपासून तोंड बाजूला करून, पण मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात कुणाला तरी म्हणाले, "औषध लागू पडत नही वाटस!"

मी ओरडून सांगत होतो की साधा ताप आहे, पण ओरडताना मला ठसका लागला आणि तो ठसकाच गावभर गेला. नानांचं म्हणणं नंतर मला कळलं. ते असं: ज्याला दवाखान्यात काचेमागे ठेवतात, त्याच्याच घरचे 'भेटायला येऊ नका' म्हणतात. साध्या आजाऱ्याच्या घरून असा निरोप कधी कुणी ऐकला आहे का? बरं, एखाद्याकडे आजारपणात गेलो नाही, तर आपल्या आजारपणात त्याने यायचं कोणत्या तोंडाने?

शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने नरडाण्याहून अकरा माणसं आली!

दार मीच उघडलं. ज्योत्स्ना पेज ढवळत होती. बाहेर अकरा गंभीर चेहरे. पुढे उभ्या असलेल्या अक्कांनी, म्हणजे माझ्या आत्यांनी, रडायला तोंड उघडलंही होतं. ते त्यांनी तसंच मिटलं.

"हाऊ तं उभा शे!" अक्का मागे वळून म्हणाल्या. इतक्या लांब, गर्दीत उभं राहून आलेल्या माणसांची अशी निराशा मी कधी पाहिली नव्हती. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"तुले ताप शे आनि तूच दार उघाडस?" नाना चिडले. "पड बरं तठे!"

मी पडलो. दोन खोल्यांचं आमचं घर. अकरा जण माझ्या पलंगाभोवती बसले आणि माझी विश्रांती सुरू झाली.

"हळू बोला रे! त्याले आराम करू द्या!" एका चुलतभावाने आवाज दिला. तो मागच्यांना ऐकू गेला नसेल म्हणून दुसऱ्याने त्याहून मोठ्याने दिला. मग नानांनी सगळ्यांना गप्प बसण्याविषयी असं खडसावलं की खालच्या मजल्यावरचे लोक कोण भांडतंय ते बघायला वर आले. त्यांनाही चहा द्यावा लागला. मधूनच कुणीतरी मला हलवून विचारायचं, "झोप लागनी का?"

फक्त आबा दाराशी, चपलांच्या शेजारी बसले होते. दुपारी जरा गलका कमी झाल्यावर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सोमवारले जाशी ना?"

"जाणारच आबा."

त्यांनी मान हलवली आणि परत चपलांपाशी जाऊन बसले. सोमवार लक्षात असलेले त्या घरात आम्ही तिघंच होतो.

चारच्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्याच फैजपूरहून सासरे आले. ज्योत्स्नाने त्यांना 'जरा ताप आहे' एवढंच सांगितलं होतं. पण आमचा मजकूर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. सासऱ्यांची केळीची बाग. ते पिकअप घेऊन आले, आणि पिकअपमध्ये केळीच्या पानांचा भला मोठा भारा!

"जावईबापू, उठा. केयीच्या पानावर निजा. आंगातली समदी आग ओढून घेते पान. आमच्याकडे हेच करतात."

सासऱ्यांपुढे जावयाने नाही कसं म्हणायचं? पलंगावर हिरवीगार ओली पानं अंथरली. मी त्यांच्यावर आडवा झालो. दहीभाताची मूद पानावर कशी दिसते, तसा मी दिसत असणार. पाठीला थंडगार लागताच मला हुडहुडी भरली.

ती हुडहुडी अक्कांनी पाहिली मात्र! "इवाईबुवा, काय करी ऱ्हायनात? पोरगं कापी ऱ्हायनं! तापमा आंग गरम ठेवतस. घाम निंघना का ताप गया!" आणि त्यांनी गोधडी आणली. तिच्यावर दुसरी आणली. तिच्यावर ज्योत्स्नाची माहेरची रजई टाकली. वरून मिऱ्यांचा काढा पाजला. तो घशातून खाली गेला की घसा काढ्यातून वर आला, ते मला सांगता येणार नाही.

"गोधड्या काढा, अक्का. गारवा लागू द्या."

"तुम्ही पानं काढा आधी!"

दोघंही मागे हटेनात. पानं राहिली आणि गोधड्याही राहिल्या. खालून जळगाव जिल्हा मला गार करत होता आणि वरून धुळे जिल्हा माझा घाम काढत होता. मध्ये मी! मी विज्ञानाचा पदवीधर आहे हो! उष्णता कुठून कुठे जाते, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं आहे. पण माझ्या स्वतःच्या अंगातली उष्णता कुठे जावी, याबद्दल मला एका शब्दाने कुणी विचारलं नाही.

"डॉक्टर विश्रांती म्हणाले आहेत," मी गोधडीतून ओरडलो.

"मंग हाई काय शे?" अक्का म्हणाल्या. "पडेलच शेस ना?"

संध्याकाळी ज्योत्स्नाने थर्मामीटर लावला. शंभर. "उतरतोय," ती म्हणाली. लगेच श्रेयाचं भांडण लागलं. पानं की काढा? ते मिटेना, तेव्हा नानांनी थर्मामीटर हातात घेतला. "हाई यंत्र बराबर शे का, ते तं देखा आधी." यंत्राची परीक्षा म्हणून त्यांनी तो धुऊन स्वतःच्या जिभेखाली धरला.

निघाला नव्व्याण्णव पॉइंट चार.

नानांनी स्वतःच्या कपाळावर हात ठेवला. "सकाळपासून मनं बी आंग तपी ऱ्हायनं," ते क्षीण आवाजात म्हणाले. (सकाळपासून त्यांनी अकरा कप चहा घेतला होता आणि बारावा हातात होता!) "तरी मी म्हंतू, पाय का बरं दुखतस?"

पुढचं फार वेगाने घडलं. वडीलधाऱ्या माणसाला जमिनीवर कसं झोपवायचं? मला गोधड्यांतून उपसून काढण्यात आलं. "तू तं जवान शेस," असं म्हणत नाना माझ्या पलंगावर, माझ्या पानांवर, माझ्या उशीवर आडवे झाले आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. मी दीड दिवसात जी झोप मिळवू शकलो नव्हतो, ती नानांना पडल्या पडल्या लागली! आणि काय सांगू, ते झोपल्याबरोबर सगळे खरोखरच कुजबुजत बोलायला लागले.

रविवारी मी स्वयंपाकघरात, गव्हाच्या कोठीला टेकून आजारी होतो. नानांना बघायला गावाहून आणखी चार जण आले. त्यांच्यापैकी एकाने मलाच पाहुणा समजून विचारलं, "तू कव्हय ऊना भो?" आलेल्यांना स्टेशनवरून आणणं माझ्याकडेच होतं, कारण स्कूटर माझी आणि रस्ते मला माहीत. नानांना शहाळं हवं होतं, तेही मीच आणलं. संध्याकाळी नाना ताजेतवाने होऊन उठले आणि सगळी मंडळी परत निघाली. जाताना नाना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं व्हयनं, आम्ही उनूत. नहीतं तू एकटा पडी ऱ्हायता."

सोमवारी मी कारखान्यात पोहोचलो, तेव्हा अंगात पुन्हा शंभर ताप होता. मुलाखतीला नऊ जण. बाहेरच्या खोलीत पंखा, रांगेने खुर्च्या, आणि कुणाचं माझ्याकडे लक्ष नाही! कुणी विचारेना, झोप लागली का. कुणी पाजेना, कुणी पांघरूण घालेना. मी खुर्चीत बसलो आणि मान कधी कलली ते कळलंच नाही.

"अहो, उठा. सगळे होऊन गेले."

घड्याळात दीड वाजला होता. समोर खुद्द साहेब. माझा शर्ट घामाने भिजलेला, पण डोकं स्वच्छ. ताप उतरला होता! डॉक्टरांच्या उपायाला उणेपुरे अडीच तास मिळाले आणि लागू पडला! पण आबांना मी काय सांगणार होतो? की चार वर्षं वाट पाहिली आणि नाव पुकारलं तेव्हा झोपलो होतो?

"साहेब, ताप होता," मी कसंबसं म्हणालो.

"ते घोरण्यावरून वाटलंच. दोनदा हाक मारली. या आत."

साहेब भले माणूस. समोरासमोर बसवून त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले. मी सगळ्यांची नीट उत्तरं दिली आणि मधूनमधून शिंकलो. शेवटी ते म्हणाले, "काम चांगलं आहे तुमचं. शुक्रवारी ऑर्डरवर सही करतो."

आबांना फोन केला. ते "बरं" एवढंच म्हणाले, पण फोन बराच वेळ ठेवला नाही.

गुरुवारी कळलं, साहेब आजारी. सपाटून ताप. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, ते कुणालाही भेटणार नाहीत, असं शिपायाने येऊन सांगितलं.

मी घरी येऊन कपडे बदलायला लागलो.

"कुठे निघालात?" ज्योत्स्नाने विचारलं.

"साहेबांना भेटून येतो."

"अहो, ते भेटणार नाहीत म्हणालेत ना?"

"म्हणजे काहीतरी जास्तच असणार," मी म्हणालो. "आणि असं न जाणं बरं दिसतं का? माणसाने कायम करायचं ठरवलंय आपल्याला!"

ज्योत्स्नाने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला थांबायला वेळ नव्हता.

साहेबांकडे माझा चांगला पाहुणचार झाला. त्यांच्या पत्नीने दोनदा चहा दिला. साहेब डोळे मिटून पडून होते. मी निघेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत. पण कान उघडे असणार. कारण तापात माणसाला शांत झोप मिळणं किती आवश्यक असतं, हे मी पलंगाशेजारी बसून त्यांना चांगला दीड तास समजावून सांगितलं.