त्याच्या जीपचा बॅलास्ट

मनोरहून आईला डायलिसिससाठी पालघरला नेत होतो. मासवणच्या पुढे वडिलांची जुनी पेट्रोल जीप बंद पडली. चावी फिरवली की इंजिन चालू व्हायचं, सोडली की गप्प. आईचा श्वास जड झालेला मला ऐकू येत होता.

मागून तशीच एक जुनी जीप आली, भाजीच्या पाट्यांनी भरलेली. चालवणारा पन्नाशीचा असेल. आधी त्याने खिडकीतून आईकडे पाहिलं, मग बॉनेट उघडलं. कॉइलजवळचा पांढरा, चिनीमातीचा छोटा तुकडा दाखवून म्हणाला, "ह्यो बॅलास्ट जलालाय. कॉइलला जास्ती करंट जाव नये म्हणून आसतो."

"वायर थेट जोडली तर?"

"चालंल. पन कॉइल तापली तर पुडं परत अडकाल. आई हाय ना संगती?"

आणि त्याने स्वतःच्या जीपचा बॅलास्ट काढला. स्क्रू दातांत धरून तो माझ्या गाडीला बसवू लागला.

"अहो, तुमचा बाजार?"

"भाजीवर पानी मारीन. तुमी निगा."

हॉस्पिटलात आईला डायलिसिससाठी आत घेतल्यावर मी पालघरात नवा बॅलास्ट शोधला आणि परत गेलो. तो झाडाखाली बसला होता. मी बॅलास्ट पुढे केला, पण त्याने आधी विचारलं, "पोचली आई येळेवर?"

"पोचली," म्हणत मी बॅलास्ट त्याच्या हातात ठेवला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

अजूनही त्या रस्त्यावर भाजीने भरलेली कुठलीही गाडी दिसली की आई हात जोडते.