शेवटची नोट उलटी

पहाटे साडेतीनला त्याचा दिवस सुरू व्हायचा. खोलीत आम्ही आठ जण, नळ एकच. पाणी भरायला पहिला तो. पाइप फिटर होता, म्हणून आम्ही त्याला फिटरच म्हणायचो. त्याने आवळलेल्या जोडाला पुन्हा पाना लावावा लागत नसे.

त्या परक्या देशात तो भावाला शोधायला आला होता. थोरला भाऊ तिथेच कामाला होता. आधी त्याचे पैसे यायचे थांबले, मग फोन. कंपनी म्हणाली, काम सोडून गेला. "वहिनी, घेऊन येतो त्याला," असं सांगून फिटर निघाला होता.

कोणी घरी निघालं की त्याच्या हाती पैसे धाडायचे, म्हणून आम्ही पगाराच्या नोटा आपल्या रुपयांत बदलून ठेवायचो. बाजाराच्या टोकाला त्यासाठी एक खिडकी होती. काळी काच, खाली हात जाईल एवढी फट. आतलं माणूस दिसत नसे.

पहिल्याच वेळी फिटर गड्डी मोजता मोजता थांबला. शेवटची नोट उलटी होती.

"दादा असंच करतो," तो म्हणाला. "मोजलेली गड्डी ओळखता यावी म्हणून."

माझ्या गड्डीतल्या सगळ्या नोटा सरळ होत्या.

तेव्हापासून दर सुट्टीला तो थोड्याच नोटा घेऊन जायचा. कमिशन दर वेळी पडायचं. आमच्या खोलीतला सुतार चिडायचा.

"घाम गाळून कमावतोस आणि त्या फटीत घालतोस! आत बायको बसलीय का तुझी?"

"दादा बसलाय," फिटर म्हणाला. त्यावर कोणी हसलं नाही.

एकदा तो फटीशी वाकला. "दादा, वहिनी वाट बघतेय रे."

शेजारचं दार उघडून एक जाडजूड बाई बाहेर आली. "कोणाशी बोलतोस?"

"नोटा कोण मोजतं?"

"मशीन. आत मी एकटीच असते."

तिने आम्हाला आत डोकावू दिलं. खुर्ची, मशीन, पंखा. आमच्यासमोर तिने नोटा मशीनमधून काढल्या. शेवटची उलटी आली. बाईने ती पाहिली आणि हात कपड्याला पुसले.

पुढच्या सुट्टीला सगळ्या नोटा सरळ आल्या. फिटरने पुन्हा मोजल्या. मग खाली मान घालून चालू लागला. मी मागे. सगळीकडे विचारून झालं होतं. सरकारी इस्पितळाचं शवागार तेवढं त्याने टाळलं होतं. आता तो सरळ तिथेच गेला.

तिथल्या माणसाने खण ओढला. दादाच होता.

"कधी आणला?" मी विचारलं.

त्याने महिना सांगितला. आम्ही त्या देशात उतरायच्याही आधीचा.

"कागद नव्हते जवळ," तो म्हणाला. "बरं झालं आज आलात. उद्या बेवारस म्हणून पुरणार होतो."

शवपेटीचं विमानाचं भाडं वजनावर होतं. पेटी जड होती. उचलायला चौघे लागलो. साठवलेल्या नोटा फिटरने त्याच खिडकीवर पुन्हा तिथल्या चलनात बदलून घेतल्या. बाईने कमिशन कापलं नाही. फटीतून न देता बाहेर येऊन पैसे त्याच्या हातात ठेवले.

त्याच्या सगळ्या मजुरीत दादाचं विमानभाडं बसलं. स्वतःच्या तिकिटापुरतं काही उरलं नाही.