जाईची खरड छाटणी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी ऑफिसातली भांडणंही सांगतो. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळलेलं नाही. एका वेलीची गोष्ट आहे. म्हणजे — वेलीपासून सुरू होते.

लंडनमध्ये हॅरोला आमच्यापासून दोन घरं सोडून सुधाकाकू राहायच्या. एकट्या. त्यांच्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत मोठ्या कुंडीत जाई होती. उन्हाळ्यात अशी माजायची की छताच्या ब्लाइंड्समध्ये शिरायची. काकू तिला बांधायच्या, वळवायच्या, कळ्या धरायच्या सुमाराला टोमॅटोचं, फुलं धरवणारं खत पाजायच्या. गौरींना गजरा या जाईचाच. दुकानातलं फूल त्यांनी गौरींना कधी वाहिलं नाही.

एका हिवाळ्यात त्या पुण्याला बहिणीकडे गेल्या. घराची एक किल्ली सुनेकडे होतीच — रिया, इथेच जन्मलेली, एजवेअरहून रविवारी येऊन पोस्ट बघून जायची. दुसरी मला दिली. "थंडीत तिला खायला घालू नकोस हं. झोपू दे. नुसती ओल ठेव आणि हीटर बारीक चालू असू दे." मग हसल्या. "तुला काय सांगायचं म्हणा, तू बागेतला!"

मी बागेतला! वडील तासगावकडे दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीला जायचे. त्यांच्या कात्रीवर मी इंजिनीअर झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी चारचौघांत सांगतो, मोठ्याने सांगतो. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारो न विचारो, वेल कशी सांभाळायची ते शिकवतो. आणि माझ्या ताब्यातली जाई पानं गाळून मरगळलेली — मला बघवणार होतं?

खत घातलं. टोमॅटोचं नाही, लॉनचं, पानं हिरवीगार करणारं. वर भरपूर पाणी. जाई उठली खरी, पण कशी! पांढुरक्या, लांबलचक, लेच्यापेच्या फांद्या, उजेडासाठी काचेला चिकटलेल्या. तेव्हा तरी थांबायचं की नाही? मी कात्री आणली. आमच्याकडे द्राक्षाची खरड छाटणी करतात — सगळं मागे कापत न्यायचं, खोडाजवळ डोळे तेवढे राखायचे, वेल नव्या जोमाने फुटते. ती एप्रिलच्या उन्हात करतात. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी ती लंडनच्या जानेवारीत केली, जाईवर केली. आणि फुटत नाही म्हणून आणखी खत घातलं.

काकू परतल्या तेव्हा कुंडीत काळे खुंट उरले होते. त्यांनी एक खुंट बोटाने दाबून पाहिला. आत लिबलिबीत.

"काय झालं रे हिला?"

आणि मी म्हणालो — किती सहज म्हणालो — "मी एकदा आलो तेव्हा हीटर बंद होता, काकू. गारठली असणार. मेलेलं तेवढं मी कापलं."

रियाचं नाव घेतलं नाही मी. घ्यायची गरज होती? किल्ल्या आम्हा दोघांकडेच होत्या. आणि खोलीतून निघताना दिवा, हीटर सगळं बंद करत जायची तिची सवय, त्यावरून सगळे तिला चिडवायचे.

पुढच्या रविवारी मी तिथेच चहा पीत होतो.

"आई, ऑनेस्टली, मी हीटरला टचपण नाही केलं."

"मग भुताने बंद केला? तुला ती जाई कचराच वाटायची पहिल्यापासून."

रियाने माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिलो. काकूंनी किल्ली परत मागितली. ती रिंगमधून काढताना रियाचं नख मोडलं.

त्यानंतर ती फारशी आली नाही. गौरींनाही काकूंचा मुलगा एकटाच यायचा, नमस्कार करून तासाभरात निघायचा. गजरे मी आणून द्यायचो, विकतचे. काकू ते वाहायच्या आणि म्हणायच्या, "तू आहेस म्हणून रे." मी ते ऐकून घ्यायचो. इतकी वर्षं ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी काकू गेल्या. दिवस झाल्यावर घर आवरायला सगळे जमलो होतो. रिया कॉन्झर्व्हेटरीत माझ्याजवळ आली.

"दादा, मी खूप विचार केला. मेबी मीच बंद केला असेल हीटर. मला आठवत नाही, पण सवय आहे ना माझी. आईंना सॉरी म्हणायचं राहून गेलं. तुम्हाला तरी म्हणते."

एका वाक्याचं काम होतं. काकू नव्हत्या. खरं बोलून कोणाचं काय जाणार होतं — माझ्याखेरीज?

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ दे गं. होतात चुका माणसाच्या हातून."

ती रडली. आणि मला थँक यू म्हणाली.