अंगात अडलेलं पाणी

सासूला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगते. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात आमचं भुसारी दुकान, वर घर. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नव्हतं. अशात माझी पाळी थांबली, हातपाय भरले, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं. झालं! मला दिवस गेले, असं सासूनं परस्पर ठरवून टाकलं. तिसरा महिना धरून तिनं चोरओटीचा घाट घातला, गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि हिरवा चुडा भरायला कासारणीला बोलावलं. लग्नात मला सव्वादोनच्या बांगड्या सैल व्हायच्या. आता अडीचच्याही चढेनात. कासारीण साबण लावून हात दाबत होती, मी ओठ चावून बसले होते. तीन बांगड्या वाढल्या, काच लागून मनगटाला रक्त आलं.

"पोटुशीचा हात आसा नसतोय," कासारीण सासूला हळूच म्हणाली. "दाखवा की कुनाला तरी."

"तू बांगड्या भर," सासू म्हणाली.

पोट काही दिसेना. पाचवा महिना लागला तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला आणि खोटारडी कोण ठरलं, तर मी! अगं बाई, मी कधी म्हटलं होतं दिवस गेलेत म्हणून? "चोरून खाती, म्हनून फुगलीया," ती गिऱ्हाइकांदेखत सांगायची. माझं नाक रुंद झालं, जबडा पुढं आला, पायात नवऱ्याच्या मापाची चप्पल लागायला लागली. नवरा ताटावरून मान वर करत नसे. जिना चढताना मला धाप लागायची, तर म्हणे रक्त कमी आहे. मग गूळ-शेंगदाणे आणि टॉनिकच्या बाटल्या.

शेवटी मंद्रूपहून वडील आले. मला बघून दारातच थांबले. त्यांनी मला तसंच टांग्यात बसवलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

रक्त कमी कसलं, जास्त होतं! डॉक्टरांनी कागदावर डोक्याचं चित्र काढून दाखवलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली होती. त्यामुळं वाढीचा रस नको इतका सुटत होता. हाडं वाढत होतीच, पण त्याच रसापायी मूत्रपिंडं मीठ बाहेर सोडत नव्हती आणि मिठामागं पाणी अडत होतं. अंगात पाणी, रक्तातही पाणी. एवढं वाढलेलं रक्त ढकलता ढकलता हृदय फुगलं होतं. असंच चाललं तर ते फार दिवस काढणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन पुण्याला करायचं, तोवर मीठ बंद.

"आमच्या घरात अळणी शिजत न्हाय," मी सासरी परतल्यावर सासू कडाडली. मी माझी आमटी वेगळी काढली की ती माझ्यादेखत त्यात मीठ टाकायची. मेली जिवावरच उठली होती. मी आमटी सोडली, ताकात भाकरी कुस्करून दिवस काढले.

पुण्याला वडिलांनी नेलं, पण नवऱ्यालाही यावंच लागलं. ऑपरेशनच्या कागदावर त्याची सही हवी होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला सगळं समजावलं. अडलेलं पाणी उतरेल, सूज जाईल, हृदयावरचा भार हलका होईल. वाढलेली हाडं मात्र तशीच राहतील.

"म्हंजे तोंड पहिल्यासारखं व्हनार न्हाय?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. पण बाई जगेल."

"मग काय उपेग?" तो म्हणाला आणि त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. माझं तोंड बिघडलं होतं, कान चांगले शाबूत होते. मागं उभे असलेले वडील पुढं आले, धोतराच्या सोग्याला हात पुसला आणि टेबलावर ठेवला.

"सायेब," ते म्हणाले, "बापाचा आंगठा चालतोय का?"