पान सरनं

शहाद्याच्या आमच्या ऊसनोंदीच्या ऑफिसात एक सहकारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांच्या नावांचं एक पान संपलं, की चष्मा काढायचा, "पान सरनं" म्हणायचं आणि समोरच्या माणसाला पाणी द्यायचं, ही त्यांची रीत.

मग सॉफ्टवेअर बदललं. आता पानंच नाहीत. खाली सरकवत राहा, नावं येतच राहतात. बरेच दिवस त्यांनी मान वर केली नाही. मला मेलं करमेना.

परवा एक म्हातारे शेतकरी भिंतीला टेकून उभे होते. यांनी माउस सोडला, चष्मा काढला.

"पान सरनं. बसा आबा, पानी ल्या."

मी त्यांच्या स्क्रीनकडे पाहिलं. खाली नावं होतीच.

"अहो, पान कुठं संपलंय?"

"आबा थकी ग्यात," ते म्हणाले. "मंग सरनंच ना!"